वाचकांचे प्रश्न : पाचव्या चार्ल्सच्या लढाया आणि कर्जं

मागच्या अंकात १६व्या शतकातल्या युरोपबद्दल लिहिताना सम्राट पाचव्या चार्ल्सचं नाव ओझरतंच आलं होतं, पण सगळ्यात जास्त पत्रं आणि मेल त्याच्यावरच आलीत. म्हणून या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय.

प्रश्न : सर, एका पुस्तकात त्याला पहिला कार्लोस म्हटलंय आणि दुसऱ्यात पाचवा चार्ल्स. दोघं एकच का? आणि १९व्या वर्षी एवढं मोठं राज्य त्याने जिंकलं कसं? (अकरावीतला विद्यार्थी, सांगली)

एकच रे. स्पेनच्या गादीवर बसलेला कार्लोस नावाचा तो पहिला राजा, आणि पवित्र रोमन साम्राज्याच्या (म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखांच्या) सम्राटांमध्ये चार्ल्स नावाचा पाचवा. पण तुझ्या प्रश्नातला 'जिंकलं' हा शब्द आधी काढून टाक, कारण तिथेच सगळी गोम आहे. त्याने जिंकलं असं फार थोडं, बाकी सगळं वारशात आलं. चारही आजी-आजोबांचं एकेक घर धर. वडिलांची आई मेरी, तिच्याकडून बरगंडी घराण्याचा मुलूख म्हणजे साधारण आजचा बेल्जियम-हॉलंडचा पट्टा, वडिलांचे वडील मॅक्सिमिलियन, त्यांच्याकडून ऑस्ट्रिया. आईची आई इसाबेला, तिचं कॅस्टिल आणि त्याला जोडून कोलंबसने गाठलेला समुद्रापलीकडचा मुलूख. आईचे वडील फर्डिनांड, त्यांचं अॅरागॉन आणि वर नेपल्स, सिसिली, सार्डिनिया. आता मधले वारस एकेक करून गेले, सख्खा मामा १४९७ मध्येच गेला होता म्हणजे चार्ल्सच्या जन्माच्याही आधी, मग वडील १५०६ मध्ये, तेव्हा हा ६ वर्षांचा, मग १५१६ मध्ये फर्डिनांड आणि १५१९ च्या जानेवारीत मॅक्सिमिलियन, आणि सगळं येऊन पडलं या पोराच्या डोक्यावर.

त्याचा जन्म २४ फेब्रुवारी १५०० चा, घेंट शहरातला. आत्याने वाढवलं, बोलणं-चालणं फ्रेंच. १५१७ मध्ये पहिल्यांदा स्पेनच्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याला धड स्पॅनिशही बोलता येत नव्हतं आणि हा तिथला राजा. खालचा जबडा इतका पुढे की तोंड नीट मिटायचं नाही. लोकांनी त्याला परकाच धरला, आणि ३ वर्षांत कॅस्टिलच्या शहरांनी बंड केलं, ते १५२१ मध्ये बियालारच्या लढाईत मोडलं.

तर हे डोक्यात ठेवून पुढची उत्तरं वाच, की आयुष्यभर तो लढला ते मिळालेलं राखण्यासाठी. चार घरांचं मिळालं म्हणजे चार घरांची भांडणंही मिळाली.

प्रश्न : मी बँकेत ३४ वर्षं काढली. सम्राटपदाच्या निवडणुकीत पैसे वाटले होते असं ऐकलंय, ते कर्ज कोणी दिलं आणि फिटलं का? (निवृत्त बँक अधिकारी, नाशिक)

काका, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण या माणसाच्या चरित्रात लढायांच्या तारखा सगळे पाठ करतात पण खातेवही कोणी उघडत नाही.

सम्राट हा जन्माने होत नसे, ७ जणांनी निवडायचा असे, ३ आर्चबिशप आणि ४ राजे-सरदार. १५१९ मध्ये फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिसही उभा होता आणि त्यानेही थैल्या मोकळ्या सोडल्या होत्या. चार्ल्सच्या बाजूने साधारण साडेआठ लाख फ्लोरिन उधळले गेले, आणि त्यातले ५ लाख ४० हजारांच्या वर एकट्या याकोब फुगरने दिले. हा जर्मनीतल्या आउग्सबुर्गचा सावकार, तांब्या-चांदीच्या खाणींचा मालक. २८ जून १५१९ ला फ्रँकफर्टमध्ये चार्ल्स एकमताने निवडून आला. पुढे वसुली रखडली तेव्हा याच फुगरने १५२३ मध्ये सम्राटाला पत्र लिहिलं की माझ्या मदतीशिवाय महाराजांना हा मुकुट मिळाला नसता हे सगळ्या जगाला ठाऊक आहे, तेव्हा माझे पैसे व्याजासकट परत करा. सम्राटाला असं लिहिणारा सावकार, आणि सम्राटाने ते ऐकून घेतलं, फुगरला काही केलं नाही, कारण पुढचं कर्जही त्याच घरातून काढायचं होतं.

फिटलं का? एक फेडायला दुसरं, असं आयुष्यभर चाललं. पुढची वर्षानुवर्षांची वसुली, अमेरिकेहून यायच्या चांदीची गलबतं बंदराला लागायच्या आधीच गहाण पडलेली असायची. त्याने गादी सोडली आणि दुसऱ्याच वर्षी, १५५७ मध्ये, मुलाला म्हणजे दुसऱ्या फिलिपला सावकारांचे हप्ते थांबवावे लागले, आपल्या भाषेत दिवाळं.

प्रश्न : माझी मुलगी घेंटला नोकरीला आहे. जुलैच्या उत्सवात तिने पांढरे लांब सदरे घातलेले, अनवाणी, गळ्यात दोरीचा फास अडकवलेले लोक मिरवणुकीत बघितले. तिला कोणीतरी सांगितलं की हे चार्ल्स राजामुळे. हे काय आहे? (वाचक, पुणे)

ताई, लेकीने अगदी बरोबर ऐकलंय. आणि लक्षात घ्या, हे त्याचं जन्मगाव.

१५३७ मध्ये फ्रान्सशी पुन्हा लढाई जुंपली होती, पैसे हवे होते, तेव्हा नेदरलँड्सचा कारभार बघणारी त्याची बहीण मेरी हिने शहरांकडे जादा पट्टी मागितली. घेंटने नाही म्हटलं, आम्ही माणसं देतो, रोख देणार नाही. १५३९ पर्यंत त्याचं उघड बंड झालं. चार्ल्स तेव्हा स्पेनमध्ये. समुद्रमार्गाने वेळ लागला असता म्हणून तो चक्क फ्रान्समधून, ज्याच्याशी आयुष्यभर वैर त्या फ्रान्सिसच्या परवानगीने, त्याचा पाहुणचार घेत आला आणि १५४० च्या फेब्रुवारीत फौज घेऊन घेंटमध्ये शिरला. पुढाऱ्यांना देहदंड दिला, शहराचे जुने हक्क काढून घेतले, जुना मठ पाडून तिथे किल्ला बांधला तोही शहरावरच नजर ठेवायला, आणि मे महिन्यात शहरातल्या प्रतिष्ठित माणसांना आणि कारागीर संघांच्या प्रतिनिधींना अनवाणी चालवत आणून आपल्यासमोर गुडघे टेकून माफी मागायला लावली. त्यातल्या कितीतरी जणांच्या गळ्यात फास होते, म्हणजे आम्ही फाशीच्याच लायकीचे आहोत असं स्वतःच्या अंगावर दाखवायचं.

घेंटवाले आजही स्वतःला 'फासवाले' म्हणवून घेतात आणि अभिमानाने म्हणवतात, पावणेपाचशेच्या वर वर्षं झाली. लेकीला पुढच्या वर्षी व्हिडिओ काढून पाठवायला सांगा.

प्रश्न : त्याने फ्रान्सच्या राजालाच पकडलं होतं ना? राजा हातात असताना लढाई संपली कशी नाही? (वाचक, कोल्हापूर)

या एका प्रश्नावर मी कितीही पानं लिहू शकेन, कारण माझ्या मते चार्ल्सचं अख्खं आयुष्य इथे वळलं.

२४ फेब्रुवारी १५२५, इटलीत पाव्हिया. चार्ल्सचा बरोबर २५वा वाढदिवस, पण तो स्वतः तिथे नव्हता, स्पेनमध्ये होता. भल्या पहाटेच्या अंधारात त्याची फौज शिकारीच्या बागेची भिंत फोडून आत घुसली, फ्रेंचांचं घोडदळ बंदूकधाऱ्यांच्या माऱ्यात सापडलं, फ्रान्सिसचा घोडा खाली पडला, तो पायउतार होऊन लढला आणि शेवटी पकडला गेला. फ्रान्सचा राजा माद्रिदला कैदेत. तिथे तो इतका आजारी पडला की चार्ल्स स्वतः त्याला बघायला गेला, कारण मेलेल्या राजाची किंमत काहीच नाही.

जानेवारी १५२६ मध्ये माद्रिदचा तह झाला. फ्रान्सिसने फ्रान्सच्या ताब्यातली मूळ बरगंडी परत द्यायची, इटलीवरचा हक्क सोडायचा, चार्ल्सच्या विधवा बहिणीशी लग्न करायचं, आणि हमी म्हणून आपली दोन मुलं ओलीस ठेवायची. फ्रान्सिसने सही केली, पण त्याआधी गुपचूप आपल्या माणसांसमोर लिहून ठेवलं की ही सही जबरदस्तीची आहे, मी बांधील नाही.

मग मार्चमध्ये बिदासोआ नदी, स्पेन आणि फ्रान्सच्या मधली. नदीच्या मधोमध एक तराफा नांगरून ठेवलेला. एका काठावरून होडीत बाप आला, दुसऱ्या काठावरून दोन पोरं, थोरला ८ वर्षांचा आणि धाकटा आन्री, त्याला सातवं पूर्ण व्हायचं होतं. मधे अदलाबदल झाली, बाप फ्रान्सकडे गेला आणि पोरं स्पेनकडे. (इकडे आपल्याकडे त्यानंतर महिन्याभराने पानिपतची पहिली लढाई झाली, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) फ्रान्सिसने तह लगेच धुडकावला, पोपलाच आपल्या बाजूला घेऊन नवी आघाडी उभी केली. संतापलेल्या चार्ल्सने त्याला द्वंद्वाचं आव्हान दिलं, ते झालं नाहीच. पोरं मात्र ४ वर्षांवर कैदेत राहिली, बाप शब्द मोडतोय म्हणून त्यांची कोठडी आणखी कडक होत गेली. १५२९ मध्ये चार्ल्सची आत्या मार्गारेट आणि फ्रान्सिसची आई लुईझ या दोन बायकांनी बसून तह जमवला, २० लाख सोन्याचे एक्यू ठरले, आणि १५३० मध्ये मुलं सुटली.

यातला धाकटा आन्री लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

आणि जिंकलेल्या फौजेचं काय झालं तेही बघा. पगारच नाहीत. इटलीतली सम्राटाची फौज, त्यात कितीतरी जर्मन भाडोत्री, महिनोन्महिने थकलेल्या पगारापायी सेनापतींच्या हाताबाहेर गेली आणि थेट रोमवर चालून गेली. ६ मे १५२७ ला पहाटेच्या धुक्यात हल्ला झाला, सेनापती बूर्बाँ सुरुवातीलाच शिडीपाशी ठार झाला, मग आवरणार कोण. चर्च लुटली, थडगी उकरली, माणसं खंडणीसाठी हाल करून मारली. पोपच्या १८९ स्विस रक्षकांपैकी १४७ जण पडले, उरलेल्या ४२ जणांनी सातव्या क्लेमेंट पोपला तटावरच्या चोरवाटेने किल्ल्यात नेलं. स्विस रक्षकांचा शपथविधी आजही ६ मेलाच होतो. कॅथलिक धर्माचा रक्षक म्हणवणाऱ्या सम्राटाच्या फौजेने हे केलं, आणि त्याने हुकूम दिला नव्हता ही गोष्ट खरीच आहे, पण पगार दिला नव्हता ही गोष्टही तितकीच खरी. माझ्या मते त्याची जबाबदारी सुटत नाही. याच पोपने पुढे १५३० मध्ये, पुन्हा २४ फेब्रुवारीलाच, बोलोन्यात त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. पोपच्या हातून मुकुट घेणारा तो शेवटचा सम्राट.

प्रश्न : आमच्या गोव्याशी या सम्राटाचा काही संबंध येतो का? (वाचक, म्हापसा)

येतो, आणि घरातूनच येतो. १५२६ मध्ये त्याने सेव्हिलमध्ये लग्न केलं ते पोर्तुगालच्या इसाबेलाशी. तिचा बाप राजा मानुएल, त्याच्याच काळात अल्बुकर्कने गोवा घेतला. उलट बाजूने चार्ल्सची धाकटी बहीण कातारिना इसाबेलाच्या भावाला, राजा तिसऱ्या जुआंवला दिली, साटंलोटंच ते. या जुआंवनेच फ्रान्सिस झेवियरना पूर्वेकडे पाठवलं, ते १५४२ मध्ये गोव्यात पोचले. जुआंव वारल्यावर नातू लहान म्हणून कातारिना राज्य बघत होती आणि १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, बसलं ते तिच्याच कारभारात. पुढे तो नातू सेबास्तियांव मोरोक्कोत लढाईत गेला आणि आईच्या वारशावर चार्ल्सचा मुलगा फिलिप १५८० मध्ये पोर्तुगालचाही राजा झाला, म्हणजे १६४० पर्यंत गोवा चार्ल्सच्या मुला-नातवा-पणतवाच्या छत्राखाली होता.

आणखी एक. मॅगेलनची जहाजं पाठवली ती चार्ल्सने, मसाल्याच्या बेटांसाठी. ५ निघाली, १५२२ मध्ये एकच परत आलं, १८ माणसं घेऊन. एवढं करून १५२९ मध्ये त्या बेटांवरचा हक्क त्याने मेहुण्याला साडेतीन लाख डुकॅटना सोडून दिला. कारण तेच, लढाईला रोकड.

प्रश्न : तुर्कांविरुद्ध तो जिंकला की हरला? (वाचक, सोलापूर)

एकदा मोठं जिंकला, एकदा वाईट हरला. १५३५ मध्ये स्वतः आरमार घेऊन ट्युनिसवर गेला, पेरूहून आलेलं इंकांचं सोनं त्या मोहिमेत ओतलं, शहर घेतलं, आत कोंडलेल्या हजारो ख्रिस्ती गुलामांनी बंड करून मदत केली ते सुटले. पण तुर्कांचा आरमारप्रमुख बार्बारोसा निसटला आणि त्याच वर्षी त्याने स्पेनच्या मिनोर्का बेटावरचं माओन लुटलं. मग १५४१ मध्ये अल्जिअर्स. आरमारप्रमुख आंद्रेआ डोरिया सांगत होता की ऑक्टोबरात समुद्र दगा देतो, नका जाऊ. ऐकलं नाही. फौज उतरली आणि वादळ आलं, शंभरावर जहाजं फुटली, दारू भिजली, परतताना माणसांना जागा व्हावी म्हणून जातिवंत घोडे समुद्रात लोटावे लागले. मेक्सिको जिंकलेला कोर्तेस त्या मोहिमेत होता, तो म्हणत होता अजून एक हल्ला करू, त्याला कोणी विचारलं नाही.

आणि फ्रान्सचा राजा तुर्कांशी मैत्री करून बसलेला, १५४३ च्या हिवाळ्यात तुर्की सुलतान सुलेमानचं आरमार फ्रान्सच्या तुलाँ बंदरात मुक्कामाला होतं.

प्रश्न : मार्टिन ल्यूथर १५२१ मध्ये समोर उभा होता, तेव्हाच अटक का केली नाही? (इतिहासाच्या शिक्षिका, लातूर)

मॅडम, पोपला उघड विरोध करणाऱ्या या जर्मन साधूला जबाबासाठी बोलावताना अभयपत्र दिलं होतं म्हणून. शंभर वर्षांपूर्वी चर्चवर टीका करणाऱ्या यान हुसला असंच अभय देऊन बोलावलं आणि जाळलं होतं, दरबारात तसा सल्ला देणारेही होते. २१ वर्षांच्या चार्ल्सने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी स्वतः लिहून आणलेलं त्याने वाचलं, की हजार वर्षांच्या ख्रिस्ती धर्माविरुद्ध एकटा साधू बरोबर असू शकत नाही, मी माझी राज्यं, माझं रक्त, माझा जीव यासाठी लावीन. पण शब्द मोडला नाही. ही गोष्ट मला त्याच्यात मनापासून आवडते.

नंतर मात्र हातच रिकामा झाला नाही. फ्रान्स झालं की तुर्क, तुर्क झाले की फ्रान्स, आणि तुर्कांविरुद्ध जर्मन प्रोटेस्टंट (म्हणजे ल्यूथरच्या बाजूच्या) सरदारांचेच पैसे लागायचे मग त्यांच्यावर चालून कसं जायचं. अखेर १५४७ मध्ये, २४ एप्रिलला, एल्बे नदीकाठी म्यूलबर्गला त्याने त्यांना मोडलं. तित्सियानोने काढलेलं ते चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे, गडद रंगाचा घोडा, लाल झूल, चिलखतावर लाल पट्टा, हातात लांब भाला, मागे संध्याकाळचं आभाळ. चित्रात शत्रू एकही नाही. चेहरा जरा निरखून बघा, ४७ वर्षांचा माणूस ६० चा दिसतो, गाऊटने, म्हणजे सांधे सुजवणाऱ्या दुखण्याने, पिळून काढलं होतं.

आणि ५ वर्षांत सगळं उलटलं. ज्या सॅक्सनीच्या मॉरिसला त्याने इलेक्टरपद (सम्राट निवडणाऱ्या सातांमधली जागा) दिलं तोच फिरला, फ्रान्सशी हातमिळवणी केली. फ्रान्सचा राजा आता कोण? आन्री दुसरा. नदीतल्या तराफ्यावरून ओलीस म्हणून नेलेला तोच धाकटा पोरगा. त्याने साम्राज्याची मेट्झ, तूल, व्हर्दां ही शहरं घेतली. मे १५५२ मध्ये सम्राट रात्रीचा, पावसात, इन्सब्रुक सोडून पालखीतून आल्प्सची खिंड ओलांडत पळाला, घोड्यावर बसता येत नव्हतं. मग भर हिवाळ्यात मेट्झला वेढा घातला, माणसं थंडीने आणि रोगराईने मेली, जानेवारी १५५३ मध्ये वेढा उठवला. १५५५ मध्ये आउग्सबुर्गला ठरलं की जो राजा ज्या पंथाचा तोच त्याच्या मुलखाचा, म्हणजे ३४ वर्षं ज्यासाठी घातली तेच मान्य करावं लागलं, आणि त्या तहाचं काम त्याने भाऊ फर्डिनांडवर सोपवलं.

प्रश्न : 'देवाशी स्पॅनिश, घोड्याशी जर्मन' हे त्याचंच वाक्य ना? (वाचक, ठाणे)

त्याच्या हयातीतला पुरावा नाही. मरणानंतर बऱ्याच वर्षांनी छापलं गेलंय आणि प्रत्येक ठिकाणी भाषा बदलते. फॉरवर्ड करू नका.

प्रश्न : त्याची आई वेडी होती का? (वाचक, औरंगाबाद)

हुआना. नवरा गेल्यावर तिला १५०९ पासून तोर्देसियासच्या वाड्यात ठेवलं ते १२ एप्रिल १५५५ ला मरेपर्यंत, ४६ वर्षं. ठेवणारा आधी बाप, मग मुलगा. कागदावर ती शेवटपर्यंत राणी, हुकुमांवर आई आणि मुलगा दोघांची नावं. तिचा बाप १५१६ मध्ये वारला हे तिला कितीतरी वर्षं सांगितलंच नाही, पहारेकरी सरदार तो जिवंत असल्यासारखं बोलायचा. धाकटी लेक कातारिना (गोव्याच्या उत्तरातली तीच) तिच्याजवळ आतल्या खोलीत वाढत होती, बाहेरची पोरं खेळताना दिसावीत म्हणून भिंतीला खिडकी पाडून दिली होती. चार्ल्सने त्या मुलीला रात्री गुपचूप हलवलं, आईने अन्नपाणी सोडलं, तेव्हा परत आणावं लागलं. तिला दुःखाचे झटके येत हे नक्की, पण १५२० मध्ये बंडखोर तिच्या दारात आले, सही करा म्हणाले, त्या सहीने मुलाचं राज्य गेलं असतं, आणि तिने सही केली नाही. एवढं कळणाऱ्या बाईला कोंडून ठेवणं, मी याला चार्ल्सच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट डाग समजतो, रोमपेक्षाही.

प्रश्न : एवढं राज्य त्याने स्वतःहून सोडलं, ते का? शेवट कसा झाला? (वाचक, नागपूर)

२५ ऑक्टोबर १५५५, ब्रसेल्सचा राजवाडा, ज्या दालनात १५ व्या वर्षी त्याला सज्ञान जाहीर केलं तेच. एका हातात काठी, दुसरा हात तरुण विल्यम ऑफ ऑरेंजच्या खांद्यावर. (हाच विल्यम पुढे फिलिपविरुद्ध नेदरलँड्सचं बंड उभारणार होता.) चष्मा लावून त्याने चिठ्ठीवरून वाचलं : जर्मनीत ९ वेळा गेलो, स्पेनला ६, इटलीला ७, फ्लँडर्सला १०, फ्रान्सला ४, इंग्लंडला २, आफ्रिकेला २. जिंकलेल्या लढायांची यादी नाही, प्रवासांची यादी वाचली, आणि रडला, समोरची माणसंही रडली. स्पेन, नेदरलँड्स आणि इटलीतला मुलूख मुलाला, सम्राटपद भावाला. थकला होता, दुसरं काही कारण शोधायची मला गरज वाटत नाही.

मग स्पेनमधल्या एस्त्रेमादुरात युस्ते नावाच्या मठाला चिकटून छोटं घर बांधून घेतलं, फेब्रुवारी १५५७ मध्ये तिथे गेला. झोपायच्या खोलीतून दार असं की पलंगावरून चर्चची वेदी दिसावी. घड्याळांचा नाद, बरोबर घड्याळजी होता. गाऊट असून बिअर, मासे, मसालेदार मांस काही सोडलं नाही, डॉक्टर सांगून थकले. पाय पसरायची त्याची खुर्ची तिथे आजही दाखवतात. २००६ मध्ये स्पेनच्या डॉक्टरांनी जपून ठेवलेलं त्याच्या बोटाचं पेर तपासलं तर युरिक अॅसिडच्या खड्यांनी हाड खाल्लेलं निघालं.

इसाबेला १५३९ मध्येच बाळंतपणानंतर गेली होती. त्याने पुन्हा लग्न केलं नाही, त्यानंतर काळे कपडेच घातले. मरताना तिच्या हातात जो क्रूस होता तो त्याने जपून ठेवला होता. २१ सप्टेंबर १५५८ च्या पहाटे, मलेरियाच्या तापात, त्याने तो मागून घेतला आणि तो हातात धरूनच गेला.